सळ्यांची टोकं

जेवणाच्या सुट्टीत ग्राइंडर चालू होता. मंगळवारी ते पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. मी घड्याळ बघितलं, बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. सुट्टी बारा ते साडेबारा. त्या अर्ध्या तासात आमच्या शेडमधलं प्रत्येक मशीन बंद असायचं, आणि आवाज असायचा तो फक्त डब्यांच्या झाकणांचा.

डबा तसाच ठेवून मी मागच्या दारानं बाहेर पडले. ग्राइंडर शेडच्या पाठीमागे, पत्र्याच्या आडोशाला होता. मी पोचले तेव्हा बटण बंद झालं होतं, पण चाक अजून गरगरत होतं. जवळ कुणी नव्हतं. स्टोअरच्या वाटेवर स्टोअरकीपर तातोबा खवरे पाठमोरे चालले होते. हातात निळी कापडी पिशवी होती, आणि त्या बाजूचा खांदा खाली झुकला होता.

जेवण झाल्यावर रिकाम्या डब्यानं खांदा झुकत नाही.

साल सत्याऐंशी. गौरी-गणपती नुकते झाले होते. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत रणदिवे मालकांचा गिअरबॉक्सचे शाफ्ट बनवण्याचा कारखाना होता. मी बावीस वर्षांची, धातुशास्त्राचा डिप्लोमा केलेली, मेपासून तिथे माल तपासणीस होते. सहा महिने कच्ची नोकरी, मग पक्की. तीस माणसांत बाई मी एकटीच, म्हणून सगळे नुसतंच ‘बाई’ म्हणत.

आदल्या दिवशी, सोमवारी, मालकांनी माझ्या टेबलावर एक शाफ्ट आणून ठेवला होता. आमचाच, गिऱ्हाइकाकडून परत आलेला. शाफ्टवर चावी, म्हणजे गिअर अडकवणारी पट्टी, बसवायची खाच असते, ती सरळ रेषेत हवी. ही वेलीसारखी वळत गेली होती. चालू मशीनमध्ये शाफ्टला पीळ बसला होता.

“ईएन चोवीसचा शाफ्ट असा पिळतो?” मालकांनी विचारलं.

“नाही.”

“मग हा कशाचा आहे?”

मी तो मधोमध कापला आणि आतला कठीणपणा मोजला. वरची कातडी बरी होती, गाभा मऊ होता. “ईएन आठचा,” मी सांगितलं.

ईएन आठ म्हणजे साधं कार्बन स्टील. लोखंड आणि त्यात शेकड्याला जेमतेम अर्धा भाग कार्बन. चांगलं, कामाचं पोलाद, पण जाड तुकडा तापवून तेलात बुडवला तर ते वरवर कडक होतं, आत पोचत नाही. ईएन चोवीसमध्ये निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असतं. ते गाभ्यापर्यंत सारखं कडक होतं, आणि कडक होऊनही चिवट राहतं. घरातल्या स्टीलच्या भांड्यात क्रोमियम इतकं असतं की ते गंजत नाही आणि वेगळं दिसतं. या दोघांचं तसं नाही. दोन्ही गंजतात, दोन्ही घासून सारखीच चकाकतात, दोघांचं वजनही सारखंच. शेजारी ठेवली तर जन्मभर या धंद्यात काढलेला माणूसही नुसतं बघून सांगणार नाही. म्हणून प्रत्येक सळीच्या टोकाला रंग लावायचा आणि कापताना नेहमी दुसऱ्या टोकाकडून कापायची, ही सगळीकडची पद्धत. रंगाचं टोक शेवटपर्यंत राहिलं पाहिजे. आमच्याकडे आठला लाल होता, चोवीसला हिरवा.

“चोवीसला दुप्पट भाव आहे,” मालक म्हणाले. “आपल्याकडून चोवीस बाहेर जातंय आणि त्या जागी आठ येऊन बसतंय. कोण करतंय ते शनिवारपर्यंत मला लेखी पाहिजे. नाव मिळालं की मी पोलिसांत देणार.”

“आणि नाही मिळालं तर?”

“तर तपासणी तुमची आहे, बाई.”

स्टोअरची किल्ली एकाच माणसाकडे होती. तातोबांकडे.

बुधवारी सकाळी मी लेथवर शिवगोंडाकडे गेले. हा हुपरीकडचा, हात सफाईदार आणि तोंड सैल.

“गेल्या पंधरवड्यात माल कधी वेगळा लागला का?”

“लागला म्हंजे? ईएन आठ म्हणून दिलेली सळी हत्यार खात हुती. एका शाफ्टला दोनदा टूल घासलं मी.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“तातोबास्नी सांगितलं की. म्हातारा पांढराफटक पडला. म्हणला, कुठं बोलू नगंस, मी बघतो.”

“आणि त्यांची ती पिशवी?”

शिवगोंडा हसला. “तुमचं बी ध्यान गेलं व्हय? सक्काळी जड, दुपारी जड. आम्ही म्हणतोय, म्हातारी भाकरीत शिसं थापत असंल.”

मी वहीत लिहिलं: पांढराफटक पडला. कुठे बोलू नको म्हणाला. शिवगोंडाच्या पहिल्या वाक्यात वेगळंच काही होतं, कारण हत्यार झिजवणारी कठीण सळी चोवीसची असते. आठच्या नावाखाली चोवीस येत असेल, तर दुप्पट भावाचा माल कुणी फुकट वाटत होतं, आणि असं कुठला चोर करेल? पण ते मी लिहिलं नाही. मला नाव हवं होतं आणि नाव मिळालं होतं.

दहा वाजता तातोबा वजनकाट्यावर गेले, तेव्हा मी स्टोअरमध्ये शिरले. पिशवी खिळ्याला लटकत होती. डब्याखाली फडक्यात लोखंडाच्या अकरा गोल चकत्या होत्या, चार-चार मिलीमीटर जाडीच्या, हातकरवतीनं कापलेल्या. प्रत्येकीवर खडूनं आकडा होता. मांडणीतल्या सळ्यांवरही तेच आकडे खडूनं लिहिलेले दिसले.

नमुने, मी मनाशी म्हटलं. बाहेरच्या गिऱ्हाइकाला दाखवायला नमुने. त्यानं पसंत करायचं, आकडा सांगायचा, आणि ती सळी जायची. सगळं इतकं नीट जुळलं की मला माझंच कौतुक वाटलं.

गुरुवारी मी चिठ्ठी घेऊन स्टोअरच्या खिडकीशी उभी राहिले. तातोबांना डोळ्यांदेखत सळी काढायला लावायची, एवढाच बेत होता.

“तातोबा, ईएन चोवीस. पन्नास मिलीची. एक फुटाचा तुकडा.”

ते मांडणीपुढे उभे राहिले. टोकं माझ्याकडे तोंड करून होती, काही लाल, काही हिरवी, आणि एमएसची म्हणजे साध्या लोखंडाची पिवळी. तातोबांनी दोन-तीन टोकांवरून अंगठा फिरवला, खडूचे आकडे बघितले, वळून मागे बघितलं.

“घाई हाय काय बाई?”

“आत्ता पाहिजे.”

“जेवणानंतर देतो की.”

“हिरवं टोक बघायचं आणि सळी ओढायची. त्याला जेवण कशाला लागतं?”

“चष्मा घरी ऱ्हायला.”

“चष्मा तुमच्या खिशात आहे.”

त्यांनी खिशाला हात लावला. “ह्यो वाचायचा.”

मग माझ्याकडे न बघता त्यांनी खिडकीची फळी खाली ओढली. बावीस वर्षं त्या खिडकीत बसलेला माणूस तोंडावर खिडकी लावतो, हे मी वेळेसकट लिहून ठेवलं. दहा पंचेचाळीस.

बाराला पाच कमी असतानाच मी ग्राइंडरच्या आडोशामागे जाऊन उभी राहिले. पत्र्याला भोकं होती. तातोबा आले, पिशवी दगडावर ठेवली, बटण दाबलं. पक्कडीत चकती धरून त्यांनी ती चाकाला टेकवली. ठिणग्या उडाल्या. त्यांनी मान थोडी तिरकी केली, चकती उचलली, परत टेकवली, आणि खडूनं तिच्यावर खूण केली. मग दुसरी. कुणी आलं नाही. मी ज्या गिऱ्हाइकाची वाट बघत होते ते दहा मिनिटांत आलं नाही, आणि पाचव्या चकतीला तातोबांनी ग्राइंडर बंद केला.

“या बाई, पुढं या. तिथं पाय भरून येतील.”

मी पुढे आले. रागानं माझे कान तापले होते. “काय चाललंय हे?”

“बघा की.” त्यांनी पुन्हा बटण दाबलं. “ही बघा. जोंधळ्याचं कणीस फुटावं तसं फुटतंय का न्हाई? एका ठिणगीतनं चार, चारातनं आठ. ही ईएन आठ. कार्बन फुटतोय तो. आता ही. रेघ आखूड, फुलं थोडी, आन शेवटाला टोक तुटून पडल्यागत, भाल्याच्या पात्यावानी. दिसलं? ही चोवीस.”

पुस्तकात वाचलेलं मी पहिल्यांदा बघत होते. “पहिली पिवळी पांढरट आहे, आणि ही जरा तांबूस, नाही का?”

“रंग सोडा. आकार बघायचा.”

त्यांनी ग्राइंडर थांबवला.

“पण हे का करायचं?” मी म्हटलं. “टोकांना रंग आहे.”

“रंग चुकलाय.”

“तो तुम्हीच लावता.”

“मीच चुकलोय.”

“कसे?”

मला वाटलं, आता माणूस गोष्ट रचतोय. मी सगळं बोलून टाकलं. “तातोबा, मालक याला चोरी म्हणतात. शनिवारी मी नाव देणार आणि ते पोलिसांत जाणार. चुकलोय एवढं म्हणून भागणार नाही.”

ते दगडावर बसले. पिशवी बाजूला सरकवायचंही राहिलं, चकत्या खाली घरंगळल्या.

“पोलिसांत,” ते म्हणाले. मग म्हणाले, “गणपतीचा चौरंग रंगवायला पोरांनी लाल डबा न्हेला हुता. परत आणून ठिवला तो दुसऱ्याच जागी. त्याच दिवशी दोन्ही माल उतरला. मी रंगवून टाकला.”

“झाकण उघडल्यावर रंग दिसतो की.”

मी स्टोअरकडे चालू लागले. तातोबा मागून आले. फळीवर दोन डबे होते, दोन्ही बाहेरून ओघळांनी माखलेले, आणि आदल्या दिवशी पिशवी तपासताना मी ते पुढेमागे केले होते.

“मला लाल डबा द्या.”

त्यांचा हात डावीकडच्या डब्यावर गेला, थांबला. उजवीकडे गेला. परत डावीकडे आला. त्यांनी डबा उतरवला, पट्टीनं झाकण उचकटलं आणि आत वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. अंगठ्याला रंग लागला होता तो उजेडात धरला.

“ह्यो लाल न्हवं?” त्यांनी विचारलं.

अंगठा हिरवागार होता.

मी झाकण परत बसवलं. “कधीपासून?”

“जन्मापास्नं. दोन्ही मला चिखलागत दिसत्यात, मी डब्यांच्या जागा ध्यानात ठिवल्या हुत्या. पांढरा, निळा, पिवळा दिसतो. बावीस वर्सं आपल्याकडं आठला पांढरा हुता, चोवीसला निळा. कधी काय अडलं न्हाई. जूनमधी तुम्ही बदललं.”

त्यात तक्रार नव्हती. तारीख सांगावी तसं सांगितलं.

ते खरं होतं. एका मोठ्या कारखान्यात मी लाल-हिरवी टोकं बघितली होती आणि मला ती आवडली होती, लांबूनसुद्धा कुणालाही ओळखू येतील अशी. मालकांना विचारण्याइतकी ती गोष्ट मोठी वाटली नाही. तातोबा तेव्हा म्हणाले होते, जुनेच ऱ्हाऊ द्या की बाई. मी म्हटलं होतं, सवय होईल. आणि पहिल्या दहा सळ्या रंगवून होईपर्यंत तिथे उभी राहिले होते.

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“दिवाळी झाल्यावर धाकटीचं लगीन हाय. ही खोट माझ्या मामाला हुती, आईकडनं माझ्यात आली. पोरीच्या पोटी पोरगा झाला तर त्याला येती म्हणत्यात. पावण्यांच्या कानावर गेलं की सोयरीक मोडली.” त्यांनी अंगठा फडक्याला पुसला. “बाई, लिहा की म्हातारा गाफील ऱ्हायला. पायजे ते लिहा. डोळ्याचं नगं.”

शुक्रवारी आम्ही दोघांनी स्टोअर बंद ठेवून लाल-हिरव्या टोकांच्या सगळ्या सळ्या तपासल्या. त्रेसष्ट. तातोबा चकत्या कापायचे, ठिणगी बघून सांगायचे, आठ, चोवीस, आठ. माझा विश्वास नव्हता. मी चकत्यांची अदलाबदल करून आकडे पुसून त्याच पुन्हा दिल्या, मधेच एक एमएसची सरकवली. तातोबांनी ती चाकाला टेकवली आणि माझ्याकडे बघितलं.

“ही कुठनं आणली? लांब सरळ रेघा, फुलायचं नाव न्हाई. गवताची काडी हाय नुसती.”

“बघत होते.”

“बघा, बघा. तुमचं कामच हाय ते.”

दुपारी मी दहा चकत्या तापवून हवेत निवू दिल्या आणि त्यांचा कठीणपणा मोजला; पातळ चोवीस हवेतही कडक होतं, आठ मऊ राहतं. दहाच्या दहा त्यांनी सांगितल्याप्रमाणे निघाल्या. त्रेसष्टपैकी एकोणीस सळ्यांची टोकं चुकीची होती, अकरांना हिरव्याऐवजी लाल रंग होता आणि आठांना लालऐवजी हिरवा. नोंदीप्रमाणे एकही सळी कमी नव्हती. संध्याकाळपर्यंत प्रत्येक टोकावर आम्ही पंचनं आठ किंवा चोवीसचा आकडा ठोकला. तो हातानं चाचपूनही कळत होता. तातोबा खुशीत होते. मला म्हणाले, पंचाचं बावीस वर्सांत कुणाच्या डोक्यात आलं न्हाई, बघा.

शनिवारी सकाळी मी अहवाल लिहिला. अर्धं पान. चोरी झालेली नाही. रंगाच्या डब्यांची जागा बदलल्यामुळे एकोणीस सळ्यांना चुकीचा रंग लागला. सर्व सळ्या तपासल्या असून पुढे आकडे ठोकण्याची पद्धत ठेवावी. कारण: स्टोअरकीपरचा निष्काळजीपणा.

जूनचा उल्लेख मी केला नाही. तो केला असता तर पुढचा प्रश्न तातोबांच्या डोळ्यांवरच गेला असता, असं मी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. कच्च्या नोकरीचे दोन महिने उरले होते, हेही खोटं नव्हतं.

मालकांनी तातोबांना बोलावून घेतलं. अहवाल त्यांनी दोनदा वाचला.

“पोलिसांचं राहिलं,” ते म्हणाले. “पण तातोबा, बावीस वर्षांत कधी नाही आणि आत्ताच कसं?”

“वय झालं, मालक.”

“वय झालं म्हणून माणूस झाकण उघडून बघत नाही?”

“गडबडीत हुतो.”

मालकांनी कागद खाली ठेवला आणि लगेच परत उचलला. “थांबा. आपल्याकडे पांढरा आणि निळा असायचा ना? वडिलांनी ठरवलेला. हे लाल-हिरवं कुणी आणलं?”

माझ्या तोंडात एकच शब्द होता. तो एकाक्षरी आहे आणि म्हणायला वेळ लागत नाही.

“मीच,” तातोबा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, टेबलाच्या कडेकडे बघत होते. “निळा डबा वाळला हुता. दुकानात गावला तो आणला.”

“परस्पर?”

“व्हय.”

मालक माझ्याकडे वळले. “तुम्हाला विचारलं होतं यांनी?”

“नाही,” मी म्हणाले.

मालकांनी दोघांकडे बघितलं. त्यांना काही संशय आला असेल तर तो त्यांनी बोलून दाखवला नाही. “सोमवारपासून गेटवर बसा,” त्यांनी तातोबांना सांगितलं. “दिवाळीनंतर येऊ नका. तोवर ठेवतोय ते जुन्या ओळखीनं.” आणि मला म्हणाले, “काम चोख केलंत. पाच दिवसांत.”

सोमवारी सकाळी तातोबा गेटवर उभे होते. खाकी सदरा त्यांना मोठा होत होता. मी सायकलवरून उतरले.

“तातोबा, मी आज मालकांना सांगते.”

“काय सांगणार?”

“रंग मी बदलले ते.”

“मग ते इचारतील, बदललं तर बदललं, त्यात चुकायचं काय कारण. मग काय सांगणार?”

मी सायकलचं हँडल या हातातून त्या हातात घेतलं.

“लगीन हुंद्या,” ते म्हणाले. “मग काय सांगायचं ते सांगा. तवर गप ऱ्हावा.” त्यांनी गेट उघडून धरलं. “चला, भोंगा व्हायला आला.”

लग्न मार्गशीर्षात झालं, वडगावला. मी गेले होते. जावई चांगला होता, बोलका. तातोबांनी आग्रह करून दुसऱ्यांदा वाढायला लावलं आणि ‘ह्या आमच्या कारखान्यातल्या मोठ्या बाई’ अशी व्याह्यांशी ओळख करून दिली. तोवर त्यांचं काम सुटून महिना झाला होता आणि माझी नोकरी पक्की झाली होती.

सांगायला आता काही आडवं येत नव्हतं. मालक रोज सकाळी नऊ वाजता माझ्या टेबलावरून जात. मी तिथे अठरा वर्षं होते.